कॅरिबियन समुद्रातले पोपटमासे ओळखायचे कसे: शेपूट, पराचं मूळ आणि गाल

पोपटमासा आधी ऐकू येतो, मग दिसतो. पाण्याखाली श्वासाची लय बसली की कुठून तरी फुटाणे चावल्यासारखा कुरुमकुरुम आवाज येतो. मासा चोचीने खडक खरवडत असतो. त्या दिशेला पाहिलं तर एक हिरवा, एक लाल पोटाचा, दोन काळेपांढरे पट्टेवाले आणि एक ठिपक्यांचा असे मासे दिसतात, आणि नवख्याची पंचाईत इथेच सुरू होते. या पाच जाती आहेत की दोन? बहुतेक वेळा दोन.

हे मार्गदर्शन फ्लोरिडा कीज, मेक्सिकोचं कोझुमेल, बेलीझ, बोनेर अशा ठिकाणी स्नॉर्केलिंग किंवा डायव्हिंग करणाऱ्यांसाठी आहे. या सगळ्या पट्ट्यात पोपटमाशांच्या ढोबळमानाने १४ जाती आहेत. स्कॅरस गटातल्या सहा, स्पॅरिसोमा गटातल्या सहा, शिवाय निकोल्सिना आणि क्रिप्टोटोमस यांची प्रत्येकी एक. लक्षद्वीप किंवा अंदमानात पोपटमासे पाहिले असतील तर पाहण्याची सवय कामी येईल, पण तिथल्या जातींची यादी इथे उपयोगाची नाही. स्पॅरिसोमा फक्त अटलांटिकमध्ये आणि त्याला जोडलेल्या भूमध्य समुद्रात सापडतो. उलट डोक्यावर टेंगूळ असलेले हिंदी महासागरातले अवाढव्य पोपटमासे इथे नाहीत. ब्राझीलला जाणाऱ्यांनीही वेगळी तयारी करावी. ॲमेझॉनच्या मुखातून समुद्रात पडणारं गोडं, गढूळ पाणी अडसरासारखं काम करतं आणि त्याच्या दक्षिणेला बऱ्याच जाती बदलतात.

मराठीत या जातींना स्वतंत्र नावं रूढ नाहीत. त्यामुळे डायव्हर वापरतात तीच नावं इथे घेतली आहेत. पाटीवरही तीच लिहावी लागतात.

सोबत काय घ्यायचं

पाण्यात लिहिता येणारी प्लॅस्टिकची पाटी आणि दोरीने बांधलेली साधी शिसपेन्सिल. पेन्सिल दोन्ही टोकांना तासून ठेवा, पाण्यात टोक मोडतंच. पाटीच्या कडेवर कायम टिकणाऱ्या शाईने दर १० सेंटिमीटरवर खूण करा, माशाची लांबी अंदाजण्यासाठी ती लागते. पाच मीटरपेक्षा खाली जाणार असाल तर छोटा पांढऱ्या प्रकाशाचा टॉर्च दिवसाही घ्या. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. दहा मीटरवर लाल पट्टा मळकट तपकिरी दिसतो आणि त्या पट्ट्यावरच एका जातीची ओळख अवलंबून आहे. कॅमेरा असला तर उत्तम, पण पहिले दोन-तीन दिवस तो बाजूला ठेवा. फोटोच्या नादात डोळे शिकत नाहीत.

जिथे जाणार तिथले नियम आधी वाचा. बोनेरच्या सागरी उद्यानात डायव्हरना हातमोजे घालायला बंदी आहे. मोजे घातले की माणूस निर्धास्तपणे प्रवाळ धरतो, म्हणून ही बंदी.

पायरी १: हा पोपटमासाच आहे ना?

पोहण्याची ढब पाहा. पोपटमासा छातीचे दोन पर वल्ह्यासारखे मारत पुढे सरकतो. शेपूट बहुतेक वेळ स्थिर असते, ती हलते ती फक्त पळताना. रास (इंग्रजीत wrasse) नावाच्या माशांचीही ढब हीच, आणि ते नवल नाही, कारण बरेच अभ्यासक आता पोपटमाशांना रास कुळाचीच शाखा मानतात. म्हणून दुसरी खूण चोच. पोपटमाशाचे दात एकमेकांना चिकटून चोचीसारखी पट्टी झालेली असते. राससारखे सुटे, टोकदार सुळे बहुतेक जातींत दिसत नाहीत. तिसरी खूण खवले. ते इतके मोठे असतात की दोन मीटरवरून एकेक मोजता यावा.

निळ्या रंगाला भुलून नवखे ब्लू टँगला ब्लू पोपटमासा म्हणतात. ब्लू टँग बशीसारखा चपटा, गोल असतो आणि शेपटीच्या मुळाशी त्याला पिवळट-पांढरा काटा असतो. पोपटमासा लांबट, भरीव, नळकांड्यासारखा.

पायरी २: स्कॅरस की स्पॅरिसोमा?

ही पायरी गाळण्याचा मोह होतो, पण तीच निम्मं काम करते. हाडापर्यंतचा फरक जबड्यात आहे. तोंड मिटल्यावर स्कॅरसचा वरचा जबडा खालच्यावर बसतो, तर स्पॅरिसोमाचा खालचा जबडा वरच्याला बाहेरून झाकतो. फोटोत हे स्वच्छ दिसतं. पाण्यात मात्र क्वचित, म्हणून तिथे देहबोलीवर जा.

स्पॅरिसोमा अंगाने जाड, तोंडाने बोथट आणि स्वभावाने एकटा किंवा जोडीने फिरणारा. तो मध्येच थांबतो, तळाशी टेकतो आणि टेकला की काही क्षणांत अंगावर ठिगळासारखे डाग आणून आजूबाजूच्या शेवाळात मिसळून जातो. स्कॅरस जरा शिडशिडीत आणि सतत चालता. तो टोळीने येतो, एका जागी चारदोन चावे घेऊन पुढे जातो. त्यातल्या लहान जातींच्या तरुण माशांच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे पट्टे असतात. तसे ठळक पट्टे दिसले की स्पॅरिसोमाचा विचार सोडून द्या.

पायरी ३: वेश ठरवा

पोपटमासे आयुष्यात लिंग बदलतात. बहुतेक आधी मादी असतात आणि पुढे त्यांतल्या काही नर होतात. नर होताना रंगही पार बदलतो. आधीच्या, सहसा फिक्या, तपकिरी, लाल किंवा पट्टेदार रंगाला आरंभीचा वेश म्हणू, पाटीवर त्याची खूण आयपी (इनिशियल फेज). नंतरच्या हिरव्या-निळ्या झगमगीत रंगाला अखेरचा वेश म्हणू, त्याची खूण टीपी (टर्मिनल फेज). त्याआधी बाळपणाचा तिसराच रंग असतो.

हे न कळल्यामुळे जुन्या अभ्यासकांनीही एकाच माशाला दोन नावं दिली होती. स्टॉपलाइट नावाच्या जातीचा लाल पोटाचा आरंभीचा वेश बराच काळ वेगळी जात म्हणून पुस्तकांत होता. तेव्हा तुमचा गोंधळ झाला तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

एक पथ्य पाळा: पाटीवर वेश लिहा, लिंग लिहू नका. स्ट्राइप्डसारख्या काही जातींत आरंभीच्या वेशात मादीसारखे दिसणारे नरही असतात, म्हणून "पट्टेदार म्हणजे मादी" ही नोंद चुकीची ठरू शकते. शिवाय वेश बदलताना दोन्ही रंगांचं मिश्रण झालेले मासे भेटतात. त्यांच्यापुढे "संक्रमण" असं लिहावं.

पायरी ४: तीन जागा पाहा, मगच रंग

पोपटमाशाचा रंग वयाने, मनःस्थितीने, खोलीने आणि उजेडाने बदलतो. खुणांच्या जागा मात्र बदलत नाहीत. मासा दिसला की ठरलेल्या क्रमाने तीनच ठिकाणी नजर न्या.

पहिली जागा शेपूट: वरच्या-खालच्या कडा वेगळ्या रंगाच्या आहेत का, चंद्रकोर आहे का, शेपटीच्या मुळाशी ठिपका आहे का. दुसरी जागा छातीच्या पराचं मूळ: तिथे काळा किंवा जांभळा डाग आहे का. तिसरी जागा गाल आणि तोंडाचा परिसर: डोळ्यापासून तोंडापर्यंत पट्टे आहेत का, कोणत्या दिशेचे. मासा पळायच्या आत तीनांपैकी दोन जागा पाहता आल्या तरी बहुतेक वेळा पुरतं. अंग निळं होतं की हिरवं हे शेवटी लिहा.

पायरी ५: आधी पाच जाती पक्क्या करा

चौदाच्या चौदा एकदम शिकायला गेलात तर एकही धड येणार नाही. प्रवाळावर सगळ्यात जास्त भेटणाऱ्या पाच जाती आधी घ्या. रोज पाण्यात उतरण्यापूर्वी एकेका जातीचे दोन्ही वेश पाहायचे आणि त्या दिवशी तीच जात शोधायची, असं पाच दिवस करा.

स्टॉपलाइट, स्पॅरिसोमा विरिडे. सुरुवात यानेच करा. अखेरच्या वेशात हिरवागार, कल्ल्याच्या झाकणाच्या वरच्या टोकाशी एक पिवळा ठिपका, शेपटीच्या मुळाशी दुसरा ठळक पिवळा डाग आणि शेपटीवर पिवळी चंद्रकोर. आरंभीच्या वेशात पोट आणि शेपटीचा भाग लाल, वर तपकिरी-करड्या अंगावर मधूनमधून पांढरे खवले. प्रत्येक खवल्याला गडद किनार असते, त्यामुळे अंग कौलारू छपरासारखं दिसतं. बाळ तपकिरी-लालसर, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन ओळी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. वाढ ६० सेंटिमीटरच्या आसपास जाऊ शकते, पण सहसा दिसतो तो ३० ते ४०. उथळ प्रवाळावर एखादा मोठा नर आपली हद्द राखून असतो आणि त्या हद्दीत काही माद्या चरतात. दहा मिनिटं एकाच जागी तरंगत राहिलात तर तोच हिरवा नर घिरट्या घालताना पुन्हा पुन्हा दिसेल. तो एकदाच मोजायचा.

क्वीन, स्कॅरस व्हेट्युला. आरंभीचा वेश ओळखायला अगदी सोपा: गडद करडं-तपकिरी अंग आणि बाजूला, मध्याच्या जरा खाली, एक रुंद पांढरा पट्टा. अखेरच्या वेशात निळा-हिरवा, आणि तोंडाभोवती निळ्या-पिवळ्या-नारिंगी रेघांचा असा काही मुखवटा की कोणी रंगवून दिल्यासारखा वाटावा. छातीच्या परावर फिकट पट्टाही असतो.

रेडबँड, स्पॅरिसोमा ऑरोफ्रेनेटम. आकाराने लहान, २८ सेंटिमीटरपर्यंत. अखेरच्या वेशात तोंडाच्या कोपऱ्यापासून डोळ्याखालून मागे जाणारा लालसर-नारिंगी पट्टा, आणि पुढच्या अंगावर, छातीच्या पराच्या वर, छोटा पिवळा ठिपका. त्या ठिपक्यात बहुधा काळे बिंदू असतात. शेपटीची दोन्ही टोकं काळी. आरंभीचा वेश फसवा आहे, कारण तो मळकट हिरव्यापासून विटकरीपर्यंत काहीही असू शकतो. तिथे एकच भरवशाची खूण: पाठीचा पर संपतो त्याच्या लगेच मागे, वरच्या बाजूला, पांढरा ठिपका. टॉर्च याच जातीसाठी लागतो.

प्रिन्सेस, स्कॅरस टीनिऑप्टेरस, आणि स्ट्राइप्ड, स्कॅरस आयसेरी. या दोघी एकत्रच शिकायच्या, कारण आरंभीच्या वेशात दोघींच्या अंगावर तीन गडद आडवे पट्टे असतात आणि दोघी टोळीने, कधी एकाच टोळीत फिरतात. फरक शेपटीत. प्रिन्सेसच्या शेपटीच्या वरच्या आणि खालच्या कडा गडद असतात, स्ट्राइप्डची शेपूट साधी, बिनकाठाची. स्ट्राइप्डचं नाक पुष्कळदा पिवळं असतं, पण पिवळं नाक नसलं म्हणून ती प्रिन्सेस ठरत नाही. शेपूटच पाहायची. काठाचं लुगडं आणि बिनकाठाचं लुगडं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. अखेरच्या वेशात प्रिन्सेसच्या अंगावर छातीच्या पराखालून सुरू होणारा रुंद फिकट पिवळा पट्टा असतो, निळी शेपूट वर-खाली नारिंगी काठांनी बांधलेली असते आणि चेहऱ्यावर एक निळी-हिरवी रेघ डोळ्याच्या वरून, दुसरी खालून जाते. स्ट्राइप्डच्या शेपटीत काठांच्या मधल्या भागातही रेघा दिसतात.

टोळी मोजताना नवख्यांकडून हमखास चूक होते: पहिल्या दोन माशांची शेपूट पाहिली, बिनकाठाची निघाली आणि तीस माशांच्या अख्ख्या टोळीपुढे "स्ट्राइप्ड" असं लिहून टाकलं. किमान दहा शेपट्या पाहा. मिश्र टोळी असेल तर दोन जातींचं प्रमाण अंदाजा आणि पाटीवर "मिश्र" अशी खूण ठेवा.

पायरी ६: आता अवघड जोडी

रेडटेल, स्पॅरिसोमा क्रिसॉप्टेरम, आणि येलोटेल, स्पॅरिसोमा रुब्रिपिने. नावात शेपटीचा रंग असूनही इथेच सगळ्यांचे घोटाळे होतात, कारण रेडटेलच्या आरंभीच्या वेशात शेपटीवर पिवळट चंद्रकोर असते. नुसत्या नावावर गेलात तर त्याला येलोटेल म्हणून मोकळे व्हाल.

आरंभीच्या वेशात असं पाहा. छातीच्या पराच्या मुळाशी वरच्या बाजूला गडद डाग असेल तर रेडटेल. डाग नाही, अंग मळकट करडं आणि शेपूट पिवळी असेल तर हनुवटीकडे नजर टाका. तिथे फिकट आडव्या पट्ट्या दिसल्या की येलोटेल. त्याचा पोटाखालचा मागचा पर लालसर असतो, म्हणून काही पुस्तकं त्यालाच रेडफिन म्हणतात. रेडटेलला शेपटीच्या मुळावर फिकट डाग असतो. तो पाहून रेडबँडचा भास होतो. अशा वेळी पराचं मूळ निकाल लावतं, कारण रेडबँडला तिथे गडद डाग नसतो.

अखेरच्या वेशात दोघांच्याही पराच्या मुळाशी गडद डाग असतो. रेडटेलचा जांभळट असून मुळाच्या वरच्या भागात असतो आणि शेपूट खोल कोरलेली, लालसर छटेची. येलोटेल एकूणच मळकट निळा-हिरवा आणि डाग काळा. लाटा फुटतात त्या उथळ खडकावर येलोटेल जास्त, समुद्री गवत आणि प्रवाळ यांच्या सीमेवर रेडटेल जास्त. पण जागेवरून जात ठरवू नका, जागेने फक्त शंका बळकट होते. फरक दिसला नाही तर "स्पॅरिसोमा, जात अनिश्चित" असं लिहा. अशी नोंद पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते. चुकीचं नाव मात्र ठामपणे लिहिलेलं असतं, म्हणून ते पुढे कोणी तपासतही नाही.

तीन मोठे

ब्लू, मिडनाइट आणि रेनबो हे तीन स्कॅरस आकारामुळेच ओळखू येतात. ब्लू सर्वांगाने निळा, मोठ्या माशाचं तोंड चौकोनी, जणू नाक भिंतीवर दाबल्यासारखं. त्याचं पिल्लू फिकट निळं आणि डोक्यावर पिवळं. मिडनाइट गडद शाईसारखा, डोक्यावर चमकत्या निळ्या रंगाचे ठिगळ, आणि दोन्ही वेशांत जवळपास सारखाच, तेव्हा इथे वेशाची डोकेफोड नाही. रेनबो सगळ्यात मोठा, १.२ मीटरपर्यंत. पुढचा भाग नारिंगी-तपकिरी, मागचा हिरवा आणि दात निळसर-हिरवे.

रेनबोच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. त्याची पिल्लं खारफुटीच्या मुळांत वाढतात. खारफुटी तोडली गेलेल्या भागातून हा मासा नाहीसा झाल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणून बेलीझसारख्या ठिकाणी खारफुटीच्या कडेने, मुळांना न धरता, स्नॉर्केलिंग करायची परवानगी असेल तर तिथेही एक तास द्या. त्या मुळांत हातभर लांबीचा रेनबो दिसणं ही फार मोलाची नोंद आहे. जिथे जाळी, सापळे आणि भाले वर्षानुवर्षं चालले तिथे हे तिघे आधी संपतात, कारण अंगाने मोठे आणि रात्री झोपेत सहज हाती लागणारे. फ्लोरिडा कीजमध्ये पोपटमासे खाण्याची प्रथा नाही, तिथे मिडनाइटची टोळी भेटण्याची आशा ठेवता येते.

गवतातले आणि खोलातले छोटे

समुद्री गवताच्या कुरणात तरंगत स्वस्थ थांबा. बकटूथ हाताच्या तळव्यापेक्षा थोडाच मोठा, गवतासारखाच मळकट, आणि गवतच खातो. त्याच्या अखेरच्या वेशात शेपटीची कड काळी आणि छातीच्या पराच्या मुळाशी काळा डाग. एमराल्ड, म्हणजे निकोल्सिना उस्टा, डोळ्यापासून तोंडाकडे येणाऱ्या लालसर रेघांनी ओळखावा. ब्लूलिप इतका सडपातळ आणि टोकदार तोंडाचा की तो राससारखाच वाटतो. ग्रीनब्लॉच लहानखुरा, सहसा खोल पाण्यात, अखेरच्या वेशात छातीच्या पराच्या वर गडद हिरवा डाग. या चौघांची नोंद पहिल्या वर्षी सुटली तरी वाईट वाटून घेऊ नका.

पायरी ७: लांबीचा अंदाज

मास्कच्या काचेमुळे पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. तीस सेंटिमीटरचा मासा चाळीसचा वाटतो. हा दोष किरकोळ वाटतो, पण माशाचं वजन साधारण लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. लांबी एक तृतीयांशाने जास्त धरली तर वजन दुपटीहून जास्त निघतं, आणि पोपटमाशांचा साठा किती उरला हे तर या वजनावरूनच काढतात.

सराव असा करा. प्लॅस्टिकच्या पाइपाचे १० ते ५० सेंटिमीटर दरम्यानचे वीसेक तुकडे कापा, लांबी एका बाजूला लिहा, जोडीदाराला ते तलावात किंवा उथळ पाण्यात उलटे मांडायला सांगा. दोन-तीन मीटरवरून अंदाज लिहा, मग तुकडे उलटून पाहा. बहुतेक अंदाज ५ सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत पुन्हा करा, आणि बऱ्याच दिवसांनी पाण्यात उतरणार असाल तर पुन्हा एकदा. समुद्रात मासा ज्या खडकाला टेकून गेला त्या जागेवरून पाटीच्या खुणांनी लांबी पडताळता येते. लांबी तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत धरतात. अखेरच्या वेशात शेपटीची टोकं लांब वाढलेली असतात. ती मोजली की नाही हे तुमच्या गटाने आधीच ठरवून घ्यावं.

पायरी ८: मोजणी

दोन पद्धती नवख्यांना जमतात. पहिली मोकळी फेरी. फ्लोरिडा कीजमधल्या 'की लार्गो' इथली रीफ एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन फाउंडेशन ही संस्था १९९३ पासून स्वयंसेवकांकडून अशा नोंदी घेते. मनाजोगतं पोहायचं आणि प्रत्येक जातीपुढे चारपैकी एक श्रेणी लिहायची: एकच, २ ते १०, ११ ते १००, आणि १०० हून अधिक. आकडा अचूक लागत नाही, जात मात्र खात्रीची लागते. पहिल्या वीसेक फेऱ्या अशाच करा.

दुसरी पट्ट्याची पद्धत. अटलांटिक अँड गल्फ रॅपिड रीफ असेसमेंट, म्हणजे अग्रा, या पाहणीत ३० मीटर लांब आणि २ मीटर रुंद पट्टा घेतात. टेप आपल्या मागे सुटत जाईल अशी बांधायची आणि पुढे पाहत पोहायचं. आधी टेप अंथरून मग परत फिरलात तर पोपटमासे तोवर बाजूला झालेले असतात. रुंदी राखायला एक मीटरचा आडवा दांडा हातात धरतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर कल्पनेने जोडतात. वेग सारखा ठेवा, ३० मीटरला सहा ते आठ मिनिटं. त्याहून सावकाश गेलात तर मागून येणारे मासे पट्ट्यात शिरतात आणि आकडा फुगतो, घाईने गेलात तर खडकाआडचे छोटे सुटतात. मागून येऊन पुढे गेलेला मासा मोजायचा नाही, हा नियम कितीही देखणा मासा असला तरी पाळायचा.

वेळ सकाळी दहा ते दुपारी तीनची निवडा. उजेड वरून सरळ येतो, रंग खरे दिसतात आणि मासे चरण्यात गुंतलेले असतात. संध्याकाळी ते झोपायच्या जागा धरू लागतात. रात्री टॉर्चने पाहायला जरूर जा, पण नोंदीसाठी नाही. झोपेत रंग फिकट आणि डागाळलेला होतो. क्वीन रात्री स्वतःभोवती पारदर्शक बुळबुळीत कोश विणून त्यात झोपते. त्यावर थेट झोत धरू नका आणि फिनांनी पाणी ढवळू नका. मासा दचकून अंधारात सुटला तर त्याला कोशाविना उरलेली रात्र काढावी लागते.

जवळ कसं जायचं

माशाकडे सरळ, समोरून पोहू नका. त्याच्या बाजूने, तिरक्या रेषेत, दुसरीकडे बघत असल्यासारखे पुढे सरका आणि दोन मीटरवर थांबा. पाठलाग केला की तो रंग बदलतो, मग हाती आलेली खूणही जाते. तो चरतो आहे ती जागा हेरून आधीच तिथे थांबणं जास्त फळतं. मासा निघून गेल्यावर खडकावरचे ओरखडे पाहा. स्टॉपलाइटचा चावा खोल खाच पाडतो, क्वीनचा वरवरचा खरवडा असतो. जिवंत प्रवाळावर ताजे पांढरे चावे दिसले तर घाबरून "पोपटमासे प्रवाळ संपवतायत" असा निष्कर्ष काढू नका. बहुतांश चावे शेवाळ चढलेल्या मृत खडकावर पडतात.

या शेवाळासाठीच ही सगळी मोजणी. १९८३-८४ मध्ये रोगाने कॅरिबियनमधले लांब काट्यांचे डायाडेमा समुद्री साळू ९० टक्क्यांहून अधिक मेले आणि खडक खरवडून प्रवाळपिल्लांना जागा करून देण्याचं काम बव्हंशी पोपटमाशांवर आलं. २०२२ मध्ये साळूंवर पुन्हा साथ आली. बेलीझने २००९ मध्येच पोपटमासे पकडायला बंदी केली होती, बोनेरने २०१० मध्ये. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅरिबियन प्रवाळांच्या मोठ्या अहवालातही पोपटमासे वाचवण्याची शिफारस ठळकपणे होती. बंदीचा उपयोग होतो आहे का, हे जात, वेश आणि लांबी या तीन रकान्यांतून कळतं. मोठे मासे आणि अखेरच्या वेशातले नर वाढले तर मासेमारीचा ताण खरोखर कमी झाला असं म्हणता येतं. नुसती "पोपटमासे: ४०" अशी नोंद त्याबद्दल काहीच सांगत नाही, कारण ते चाळीस रेडबँड आहेत की चाळीस स्टॉपलाइट, यावर खडक किती खरवडला जाणार हे ठरतं. रेडबँड मुख्यतः मोठ्या पानांचं शेवाळ खातो, स्टॉपलाइट खडकासकट उचकटतो.

पाण्यातून बाहेर आल्यावर

नोंदी त्याच दिवशी, अंग पुसायच्या आधी म्हटलं तरी चालेल, वहीत उतरवा. जागा, तारीख, वेळ, खोली, पाण्याचा स्वच्छपणा, मग जात-वेश-लांबी. अनिश्चित नोंदींपुढे तीन जागांपैकी काय दिसलं होतं ते शब्दांत लिहा: "शेपटीला गडद काठ, पराचं मूळ दिसलं नाही". जोडीदाराची पाटी शेजारी ठेवून ताडा. जिथे दोघांची जात वेगळी निघते ती यादी जपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्याच जाती पाहायला उतरा. पाटी घासायचा मऊ खोडरबर मिळाला नाही तर मूठभर ओली वाळू चालते, फक्त ती घासण्याआधी पाटीचा फोटो काढायला विसरू नका.